तवा वेगळा, पंगत एकच

दरवर्षी आपल्या अंकाच्या मराठी विभागात मेसवर एक तरी लेख असतोच. डाळीत डाळ शोधणं, पोळीवर ड्रॉइंगची शीट काढणं, सोमवार ते रविवार तोच अमर बटाटा... हे विनोद वाचून आपण सगळेच हसतो, मीही हसलेय. यंदाचा मेसवरचा लेख मात्र मी लिहितेय आणि तो जरा वेगळा आहे, कारण गेली दोन वर्षं मी मेसची पोळी खाल्लेलीच नाही. रागावून नाही, डाएट म्हणून नाही, आणि (हे शंभरदा सांगून झालंय) बारीक व्हायचं म्हणून तर मुळीच नाही. मला सिलिॲक नावाचा आजार आहे. त्यात गहू चालत नाही. कायमचा.

आधी थोडी थिअरी. ओरलला विचारतात तशी व्याख्या हवी असेल तर, ग्लुटेन म्हणजे गहू, सातू (म्हणजे जव) आणि राय या धान्यांतला प्रथिनांचा एक गट. कणीक मळली की तिला जो चिवटपणा येतो, तो याचा. कणकेचा गोळा नळाखाली धरून धूत राहा. पांढरं पाणी होऊन स्टार्च निघून जातो आणि हातात रबरासारखं काहीतरी उरतं. तेच ग्लुटेन. पोळी लाटताना फाटत नाही, पाव फुगतो, शेवया तुटत नाहीत, ही सगळी त्याची कृपा. ज्वारीत ते नसतं, म्हणून भाकरीच्या पिठाला गरम पाणी लागतं, भाकरी हातानं थापावी लागते, आणि नवशिक्यानं थापली तर तिचे तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे होतात.

आता पोटातलं. आपल्या लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात. मेकॅनिकलवाल्यांनी हीट एक्स्चेंजरच्या फिन्स आठवाव्यात. पृष्ठभाग वाढवायचा आणि जास्तीत जास्त शोषून घ्यायचं, हेच त्यांचं काम. सिलिॲक असलेल्या माणसाच्या पोटात ग्लुटेन गेलं की शरीराची संरक्षणव्यवस्था बिथरते आणि आपल्याच फिन्सवर हल्ला चढवते. त्या झिजून सपाट होतात. मग कितीही खा, अंगी लागत नाही. ही ॲलर्जी नव्हे. अंगावर पित्त उठून तासाभरात बसलं, असं यात होत नाही. आतल्या आत नुकसान चालू राहतं. यावर गोळी नाही. आयुष्यभर ग्लुटेन बंद, हा एकच उपाय. चांगली बातमी एवढीच की ते बंद केलं की फिन्स हळूहळू पुन्हा उगवतात.

माझं निदान झालं एस.ई.च्या दिवाळीत. त्याआधीचं वर्षभर मी जिना चढताना दोनदा थांबत होते. हिमोग्लोबिन सातच्या घरात, आणि लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने खाऊन ते तिथेच ठाण मांडून. "हॉस्टेलचं जेवण, दुसरं काय!" हे निदान तर आमच्या गावातल्या रिक्षावाल्या काकांपासून सगळ्यांनी केलं होतं. शेवटी पुण्यातल्या एका डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या घेऊनही वाढत नाही म्हणजे शोषलंच जात नाहीये का?" मग रक्तातल्या अँटीबॉडीची तपासणी, मग एंडोस्कोपी, आतड्याचा छोटा तुकडा काढून बायोप्सी. (एक महत्त्वाचं, तपासण्या पूर्ण होईपर्यंत गहू आपल्या मनानं बंद करायचा नसतो. केला तर रिपोर्ट चुकीचा नॉर्मल येऊ शकतो.) रिपोर्ट हातात देताना डॉक्टर म्हणाले, "आजपासून गव्हाशी काडीमोड!"

गव्हाचा हा गुन्हा उघडकीला आला कसा, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. हॉलंडमधल्या हेग शहरात विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. या आजाराच्या मुलांचा पाव बंद केला की ती सुधारतात, असा त्यांना संशय होता आणि त्याबद्दल त्यांनी १९४१ मध्ये लिहिलंही होतं. पुढे १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धात, हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली. पाव मिळेनासा झाला. सगळा देश खंगत असताना ही आजारी मुलं मात्र सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये डिक्यांनी उट्रेक्ट विद्यापीठात यावर प्रबंध सादर केला. त्याआधी अमेरिकेत सिडनी हास नावाचे डॉक्टर अशा मुलांना केळी खायला घालायचे. मुलं बरी व्हायची आणि श्रेय केळ्यांना मिळायचं! खरं कारण ताटात नसलेला पाव होता.

आपल्याकडे हा आजार म्हणजे परदेशी फॅड असं अनेकांना वाटतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या एका मोठ्या पाहणीत उत्तरेकडे शंभरात साधारण एक, तर दक्षिणेकडे हजारात एक असं प्रमाण दिसलं. जिथं गहू जास्त, तिथं आजार जास्त. मी सोलापूर जिल्ह्यातली, मंगळवेढ्याच्या बाजूची. म्हणजे ज्वारीच्या कोठारातली. आजी म्हणते, "आमच्या वक्ताला गहू सणालाच. पोळी म्हंजी पुरणाची पोळी." तिच्या ताटावर जगले असते तर कदाचित माझा आजार कित्येक वर्षं कळलाच नसता. पुण्यात आले, दोन्ही वेळेला पोळी, सकाळी उपमा, मध्ये बिस्किटं, आणि शरीरानं हिशेब मांडला.

तर निदान झालं. आता जेवायचं काय?

"त्यात काय एवढं, पोळी सोडून भात खायचा!" मलाही पहिले दोन दिवस हेच वाटलं. मग मी पाकिटांच्या मागचं बारीक अक्षर वाचायला लागले. मैदा, रवा, दलिया, शेवया हे तर गव्हाचेच. पण हिंग? स्वयंपाकातला बांधणीचा हिंग म्हणजे थोडा हिंग आणि बाकी पीठ व डिंक. ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. म्हणजे मेसची आमटी गेली. मेतकुटात गहू भाजून घालतात. थालीपिठाच्या भाजणीत घालणाऱ्या घालतात. सोया सॉसमध्ये गहू, म्हणजे चायनीजच्या गाडीवरचा तांदळाचा फ्राइड राइससुद्धा गेला. बाकरवडी मैद्याची, श्रूजबेरी मैद्याची. खपली गहू "पचायला हलका, तो चालेल" असं सांगणाऱ्या किमान पाच मावश्या मला भेटल्या. खपली हा गहूच. त्यात ग्लुटेन असतं. आणि गिरणी! आधीच्या बाईचे गहू दळून झाल्यावर त्याच जात्यात माझी ज्वारी पडली, की पहिल्या किलोभर पिठात गहू आलाच.

"एवढ्यानं काय होतंय?" हा प्रश्न इंजिनिअरला शोभणारा आहे, म्हणून उत्तरही आकड्यातच देते. ग्लुटेनविरहित म्हणायला जगभर बहुतेक ठिकाणी, आणि आपल्या एफएसएसएआयच्या नियमातही, मर्यादा आहे एका किलोला २० मिलिग्रॅम. गव्हाच्या पिठात ढोबळमानाने आठ टक्के ग्लुटेन धरा. म्हणजे किलोभर ज्वारीच्या पिठात पाव ग्रॅम कणीक मिसळली, एक चिमूट, की मर्यादा संपली. दुसरा हिशेब. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिलं, तेवढ्यानंही आतड्याला इजा दिसली. तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत सुमारे २४०० मिलिग्रॅम असतं. म्हणजे रोज पोळीचा साधारण पन्नासावा भाग. "एक घास खा गं, काही होत नाही" मधला घास त्याच्या कितीतरी मोठा असतो!

पण खरं सांगू? आकडे कठीण नव्हते. कठीण होती माणसं. म्हणजे माणसं वाईट नव्हती, उलट प्रेमळ होती, आणि हाच घोटाळा होता. आपल्याकडे प्रेम म्हणजे आग्रह. मैत्रिणीच्या घरी गेलं की काकू पोळीवर तूप सोडून ताटात घालणार. नको म्हटलं तर चेहरा पडणार. हॉस्टेलच्या गणपतीत प्रसाद शिऱ्याचा, म्हणजे रव्याचा. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, हे आपल्याला बोलायला येण्याआधीपासून शिकवलेलं. मी हात पुढे करायची, प्रसाद कपाळाला लावायची आणि शेजारणीच्या हातावर ठेवायची. त्यावरही कुजबूज झालीच.

माझ्या रूममेटनं एक जालीम उपाय सुचवला. "सरळ सांगायचं, आज उपवास आहे. विषय संपला!" आणि खरंच बघा, महाराष्ट्रात उपवासाइतकी मान्यता दुसऱ्या कशालाच नाही. उपवास म्हटलं की कुणी रिपोर्ट मागत नाही, "थोडंसं खा" म्हणत नाही, उलट वेगळी कढई, वेगळा चमचा आपोआप येतो. आणि उपवासाच्या पदार्थांत गहू नाहीच! साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा, रताळं, शेंगदाणे... आषाढी एकादशी ही माझी दिवाळी. त्या दिवशी अख्खी मेस माझ्या पंक्तीला येते. उपवासाचं मी खाते, मजेत खाते. पण "उपवास आहे" असं सांगायला मन घेईना. एक तर वर्षाचे तीनशे पासष्ट उपवास कुणाला पटणार? आणि दुसरं म्हणजे माझ्यानंतर ज्या मुलीला हा आजार असेल, तिलाही मग तेच खोटं सांगावं लागेल.

ते सहा महिने अवघड गेले. मेसच्या कंत्राटदारांचं म्हणणं, दोनशे मुलींत एकीसाठी वेगळं करणं परवडत नाही. हॉस्टेलच्या नियमात खोलीत शेगडी चालत नाही, आणि नियम बरोबरच आहे. मी दूध, केळी, कुरमुरे, उकडलेली अंडी यावर दिवस काढत होते. वजन ४१ किलो. बाबा एका रविवारी आले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "एक वर्ष ड्रॉप घे. घरी चल. इंजिनिअरिंग काय पळून जात नाही." बॅग भरायची का, एवढाच प्रश्न उरला होता.

इथे माझ्या मावसभावाची एन्ट्री होते. हा रत्नागिरीचा दादा क्रूझवर, म्हणजे पर्यटकांच्या मोठ्या जहाजावर, स्वयंपाकघरात काम करतो. भूमध्य समुद्रात त्यांचं जहाज फिरतं. सकाळी एका बंदराला लागतं, लोक उतरून शहर बघून येतात, संध्याकाळी जहाज पुढे. माझी रड ऐकून तो फोनवर हसायलाच लागला. "अगो, आमच्याकडे प्रत्येक फेरीला तुझ्यासारखे कितीतरी असतात! आदल्या रात्री उद्याचा मेनू दाखवायचा, त्यांनी निवडायचं, आम्ही वेगळ्या भांड्यात करायचं. त्यात काय?"

मी विचारलं, "जहाजावर ठीक आहे रे. पण खाली उतरल्यावर? परकं शहर, परकी भाषा, हातात सहा-सात तास. आणि शहर कुठलं, तर नेपल्स! पिझ्झा आणि पास्त्याचं माहेरघर."

तर दादा म्हणाला, तिथंच सगळ्यात सोपं जातं. इटलीत हा आजार लहानपणीच शोधतात आणि सगळ्यांना माहीत असतो. मी नंतर वाचलं, तर तिथं २००५ साली यासाठी खास कायदा झालाय. सरकारी शाळा, रुग्णालयं वगैरेंच्या खाणावळींनी मागणी केल्यास ग्लुटेनविरहित जेवण द्यायलाच हवं. रुग्णाला असे पदार्थ घ्यायला सरकारकडून मदतही मिळते. शिवाय डिसेंबर २०१४ पासून युरोपियन युनियनमधल्या प्रत्येक हॉटेलवर, पदार्थात ग्लुटेनसह चौदा ॲलर्जीकारक घटकांपैकी काय आहे, ते गिऱ्हाइकाला सांगण्याचं बंधन आहे. "सेन्झा ग्लुतिने" एवढे दोन शब्द म्हटले की वेटर समजतो. आणि गंमत म्हणजे त्यांचेही जुने गरिबाघरचे पदार्थ बिनगव्हाचेच. पोलेन्टा म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट पिठलं म्हणा ना, आणि रिझोतो म्हणजे त्यांचा मऊ भात.

दादानं उतरणाऱ्या पाहुण्यांचे तीन नियम मला सांगितले. एक, जहाजावरून पोट भरून उतरायचं, कारण तिथलं ताजं अन्न बंदरावर न्यायला सहसा मनाई असते. दोन, खिशात कार्ड ठेवायचं. त्या देशाच्या भाषेत, काय चालत नाही आणि काय चालतं, स्पष्ट लिहिलेलं. तीन, परतायची वेळ विसरायची नाही, जहाज थांबत नाही. (आमच्या हॉस्टेलचं गेटही नऊनंतर थांबत नाही, त्यामुळे तिसरा नियम मला पाठच होता.)

दुसऱ्या नियमापाशी माझं घोडं अडलं. मराठीत कार्ड लिहायचं तर ग्लुटेनला शब्द काय? "गव्हाची ॲलर्जी" लिहिलं तर लोक म्हणतात गोळी घे. "सिलिॲक" लिहिलं तर कुणाला वाचताच येत नाही. दोन दिवस मी डिक्शनरी चाळली. शब्द सापडला तो मेसच्या ओट्यापाशी.

आमच्या मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या मावशी करमाळ्याकडच्या. मी त्यांना ग्लुटेन, प्रोटीन, आतडी, असं सगळं समजावत होते. त्यांनी लाटणं थांबवलं आणि म्हणाल्या, "आगं पोरी, म्हंजी गव्हाचं पथ्य हाय तुला. मग तसं सांग की! ग्लुटन-बिटन काय लावलंयस?"

पथ्य! शब्द आपल्या घरातच होता. पथ्य म्हटलं की त्यात डॉक्टर आला, गांभीर्य आलं आणि "थोडंसं चालतं का?" हा प्रश्नच गेला. पथ्य मोडायचं नसतं, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. मावशींनी पुढे विचारलं, "मग तवा बी येगळा लागंल? पोळपाट? हात धुवून?" मी मान डोलावली. "म्हंजी सोवळंच की गं तुझं!" आणि स्वतःच खळखळून हसल्या.

मी हसले, पण त्या शब्दाशी अडखळले. सोवळ्या-ओवळ्याचा आपला इतिहास काही हसण्यासारखा नाही. याच पुण्यात १८६८ मध्ये जोतिराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला, तेव्हा पाण्यालाही शिवायची बंदी होती. माझं वेगळं भांडं त्या जातीचं होऊ नये, अशी मला मनापासून धास्ती होती. कोपऱ्यातलं टेबल, वेगळं ताट, "तिला शिवू नका" असं काही नको. वेगळं ठेवायचंय ते पीठ, माणूस नाही. मावशींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तवा येगळा. बसायचं समद्यांच्यातच." मला जे नीट सांगता येत नव्हतं, ते त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं.

मग आम्ही मेस कमिटीपुढे गेलो. "एका मुलीसाठी?" हा प्रश्न आलाच. माझ्या मैत्रिणींनी सर्व्हे केला, कारण आपल्या कॉलेजात सर्व्हे केल्याशिवाय काही होत नाही. आठवड्यातून दोनदा भाकरी हवी का? नव्वदहून जास्त सह्या आल्या! लातूर, नगर, बीड, सांगली, सगळीकडच्या पोरी भाकरीसाठी हपापलेल्या होत्या, फक्त विचारलं कुणी नव्हतं. रेक्टर मॅडमनी माझे रिपोर्ट वाचले, डॉक्टरांचं पत्र फाइलला लावलं आणि कंत्राटदारांना बोलावून मधला मार्ग काढला. बुधवार आणि शनिवार सगळ्यांना भाकरी. माझ्यासाठी रोज दोन भाकऱ्या, वेगळ्या तव्यावर, पोळ्या सुरू व्हायच्या आधी. आमटीत तांदळाच्या पिठाचा हिंग. तो मिळतो, फक्त डबी उलटी करून वाचावी लागते. पाकिटावर ग्लुटेनच्या धान्यांचा उल्लेख करणं आता आपल्याकडेही २०२० च्या लेबलच्या नियमांनी सक्तीचं आहे.

तवा मी तुळशीबागेतून आणला. लोखंडी, जड. दांड्याला लाल रंगाचा पट्टा मारला. काठवट बाबांनी गावाहून आणून दिली. पीठ घरच्या घरघंटीवर दळलेलं, तिच्यात आता फक्त ज्वारीच पडते. महिन्यातून एकदा बाबा किंवा ओळखीचं कुणीतरी हुतात्मा एक्सप्रेसनं डबा घेऊन येतं. त्याच डब्यात आजीच्या कडक भाकऱ्या असतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही सोलापूरकडची पापडासारखी कडक भाकरी, कित्येक दिवस टिकते. सबमिशनच्या रात्री दोन वाजता अख्खा मजला नूडल्सच्या वासानं दरवळतो, तेव्हा मी कडक भाकरीवर शेंगाचटणी आणि दही घालून बसते. पहिल्या वर्षी पोरी बघायच्या. आता डबा आला की तिसऱ्या दिवशी रिकामा होतो. नूडल्सवाल्या मला म्हणतात, "तुझं पथ्य आम्हालाही लागू झालंय."

कार्डही तयार झालं. ज्यांना उपयोगी पडेल त्यांनी खुशाल उतरवून घ्यावं:

"मला डॉक्टरांनी गव्हाचं कडक पथ्य सांगितलंय. गहू, कणीक, मैदा, रवा, शेवया, सातू, खपली यातलं कणभरही चालत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, पोहे, साबुदाणा, वरई, राजगिरा, डाळी, बेसन, दूध, भाज्या चालतात. हिंगात गव्हाचं पीठ आहे का, कृपया बघाल का? तवा आणि चमचा धुतलेला हवा. ज्या तेलात समोसे तळले त्यातलं चालणार नाही. तसदीबद्दल माफ करा."

हे कार्ड घेऊन मी पुणं बंदरासारखं पालथं घातलं! पोट भरून निघायचं, कार्ड दाखवायचं, नऊच्या आत परत. एका हॉटेलात मॅनेजरनं कार्ड वाचलं आणि "आमच्याकडे काही नाही" म्हणून सांगितलं. स्पष्ट नकार मला आवडतो, त्यात धोका नसतो. डेक्कनजवळच्या एका इडलीवाल्या अण्णांनी सांबाराच्या हिंगाची डबी बाहेर आणून दाखवली. गव्हाची निघाली. मग मी इडली नुसत्या खोबऱ्याच्या चटणीशी खाल्ली, त्यात फोडणी नाही हे आधी विचारून. मिसळीच्या दुकानात मात्र फरसाण, रस्सा आणि पाव, तिन्ही आघाड्यांवर प्रश्न, तिथे मी फक्त ताक पिते. मस्तानीसाठी आइस्क्रीममध्ये बिस्किटाचा चुरा नाही ना, एवढं विचारलं की काम होतं. एस.ई.च्या शेवटी वर्गाबरोबर सिंहगडावर गेलो, तिथं चुलीवर भाकऱ्या थापणाऱ्या काकूंना कार्ड दिलं. त्यांनी ते न वाचताच परत केलं. "वाचून काय करू? ह्या तव्यावर आजपातुर गहू पडला न्हाई." पिठलं, भाकरी, ठेचा, मडक्यातलं दही. सगळ्या वर्गानं जे खाल्लं तेच मी खाल्लं. कुणी मला काही विचारलं नाही आणि मला कुणाला काही सांगावं लागलं नाही. तब्येत सुधारली हे हिमोग्लोबिनच्या रिपोर्टवरून कळतं, आता ते बाराच्या वर आहे. पण बरं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी गडावर कळलं.

हॉस्टेलच्या गणपतीतही एक बदल झाला. शिऱ्याबरोबर आता खिरापत असते. खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर. कुणी जाहीर केलं नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. मॅडमनी यादीत एक ओळ वाढवली, बस्स.

मेसला नावं ठेवायची परंपरा मी मोडणार नाही. परवाची वांग्याची भाजी खरोखर कशाची होती, यावर अजून संशोधन चालू आहे. पण माझ्या मावसभावाच्या जहाजावर जे कंपनीच्या पद्धतीनं होतं, नेपल्समध्ये जे कायद्यानं होतं, ते इथं एका मावशींच्या समजुतीवर आणि नव्वद सह्यांवर झालं. कायदा हवाच. समजूतदार मावशी प्रत्येक मेसला मिळतीलच असं नाही, आणि पुढच्या वर्षी कंत्राट बदललं तर? म्हणून मेस कमिटीला माझी या लेखातून जाहीर विनंती आहे. प्रवेशाच्या वेळी हॉस्टेलच्या फॉर्मवर "काही पथ्य आहे का?" एवढा एक रकाना छापा. डायबेटिस असेल, शेंगदाण्याची ॲलर्जी असेल, दुधाचा त्रास असेल, लिहील ज्याची त्याची. आणि ज्युनिअर्सना एवढंच सांगणं, की लोहाच्या गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, पोट सतत बिघडत असेल, वजन उतरत असेल, तर "हॉस्टेलचं जेवण" म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना विचारा.

मे महिन्यात मी बी.ई. होऊन बाहेर पडेन (एक ओरल मध्ये आहे, ती देवाच्या हाती). काठवट गावाला परत जाईल. तवा मात्र नेणार नाही. मेसच्या कपाटात, वरच्या फळीवर, डावीकडे ठेवलाय, दांड्याला लाल पट्टा आहे. मावशींना माहीत आहे. लागेल तिनं मागून घ्यावा.

— बी.ई. (ई अँड टी.सी.), मुलींचे वसतिगृह